इचिरोचे होमरन मोजू नका, त्याचा थ्रो बघा

तुम्ही विचारलंत, अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये १९ मोसमांत जेमतेम ११७ होमरन (म्हणजे साधारण आपले षटकार) मारणारा जपानी खेळाडू इचिरो सुझुकी एवढा मोठा कसा? क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडतोच, मलाही पडला होता.

उत्तर राइट फील्डमध्ये, म्हणजे बॅटरच्या जागेवरून बघता मैदानाच्या उजवीकडच्या लांबच्या भागात आहे. धाव पुरी करायला रनर एकामागून एक बेस गाठत जातो; त्यांतला तिसरा बेस तिथून सगळ्यात लांब, म्हणून ज्याच्या हातात सर्वांत जास्त ताकद तो आउटफिल्डर (लांबचा क्षेत्ररक्षक) तिथे उभा करतात. ११ एप्रिल २००१, ओकलंड. सिअॅटल मरिनर्सकडून इचिरोचा मोसम नुकताच सुरू झालेला. पहिल्या बेसवरचा ओकलंडचा रनर टेरेन्स लाँग राइट फील्डकडच्या साध्या हिटवर (बॅटर सुखरूप बेसवर पोचतो तो फटका म्हणजे हिट) दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याकडे सुटला. इचिरोने चेंडू उचलून फेकला तो सपाट, टप्पा न पडता, नेमका तिसऱ्या बेसवर. लाँग बाद! असा हात समोर असला की रनर दुसऱ्या बेसवरच थबकतात, आणि न धावलेल्या रनरची नोंद कुठल्याच स्कोअरकार्डात होत नाही. त्याला सलग १० गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचे वार्षिक पुरस्कार) मिळाले ते उगाच नाही.

आता बॅटिंग. डावखुरी बॅटिंग करत असल्यामुळे तो पहिल्या बेसच्या बाजूलाच उभा, आणि फटका पुरा होता होताच पाय सुटलेले. बेस ९० फुटांवर. इन्फिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या आसपासच, घरंगळलेल्या चेंडूवरही हा पोचायचा. २००४ मध्ये २६२ हिट मारून त्याने जॉर्ज सिसलरचा १९२० पासूनचा, एका मोसमातल्या २५७ हिटचा विक्रम मोडला.

पण मला सर्वांत भिडतो तो त्याआधीचा, जपानमधला काळ. ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) चौथ्या फेरीत निवड झालेली. पहिल्या मॅनेजरला त्याची पाय झुलवत मारायची ढब पटेना, त्यामुळे बराच काळ दुय्यम संघात गेला. १९९४ मध्ये नवे मॅनेजर अकिरा ओगी यांनी त्याला तसंच खेळू दिलं, आणि २० वर्षांच्या पोराने १३० सामन्यांत २१० हिट मारले! पुढच्याच जानेवारीत कोबे शहर भूकंपात उद्ध्वस्त झालं. त्याचा ओरिक्स संघ कोबेचाच. त्या वर्षी त्यांनी पॅसिफिक लीग (जपानच्या दोन मुख्य लीगपैकी एक) जिंकली. त्या शहराला त्याचं काय वाटलं असेल, हे कुठल्या आकड्यात मांडणार?

मरिनर्सनंतर अमेरिकेतलेच यांकीज, मग मार्लिन्स संघात राखीव आउटफिल्डर, ४२ व्या वर्षी अमेरिकेतला ३००० वा हिट, २०१९ मध्ये टोकियो डोममध्ये निवृत्ती. २०२५ च्या हॉल ऑफ फेम (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचा सन्मान) मतदानात ३९४ पैकी ३९३ मतं.

ओकलंडच्या त्या थ्रोची चित्रफीत शोधून बघा. बघताना इचिरोपेक्षा तिसऱ्या बेसवर थ्रो झेलणाऱ्या त्याच्याच संघातल्या डेव्हिड बेलच्या ग्लव्हकडे लक्ष ठेवा.