"एवढ्या रात्री सरांना फोन करू का?" नवीन डॉक्टरांचा नेहमीचा प्रश्न

पावसाळा लागला की माझ्याकडे समुपदेशनाला ज्युनिअर डॉक्टर जास्त यायला लागतात. त्यात नवल काही नाही, जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतले मेडिसिनचे वॉर्ड मलेरिया, डेंग्यू, लेप्टोने (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा आजार) नुसते भरलेले असतात, दोन खाटांच्या मधे गादी टाकून पेशंट ठेवावे लागतात, आणि रात्री हे सगळं सांभाळायला कोण तर काल-परवा इंटर्नशिप संपवून आलेली पोरं. लोकांना वाटतं यांना कामाचं टेन्शन असेल. असतंच ते. पण समोर बसून पाणीबिणी पिऊन झालं की बऱ्याच जणांची गाडी एकाच प्रश्नावर येते, "मॅम, रात्री सिनिअरला फोन करायचा की नाही हेच कळत नाही, केला तर तेव्हा शिव्या, नाही केला तर सकाळी राऊंडला शिव्या." आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "सर म्हणाले म्हणून लिहिलं फाईलमध्ये, आता झोप लागत नाही."

एका मुलीची गोष्ट सांगते. तिला विचारून सांगतेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय. नाव मुक्ता ठेवू. मराठवाड्यातली, घरातली पहिली डॉक्टर, मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेडिसिनची जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाची रेसिडेंट डॉक्टर. पहिल्या दिवशी आली ती बसायच्या आधीच म्हणाली, "मॅम, मी रिझाईन करते, मी या लायक नाही."

झालं असं होतं. इमर्जन्सीची रात्र. चाळिशीतला एक माणूस, साचलेल्या पाण्यातून रोज कामाला जाणारा, ताप, लाल डोळे, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की हात लावू देईना. लेप्टो धरून औषधं चालू केलेली. अडीचला सिस्टरने हाक मारली, "डॉक्टर, सोळा नंबरचा श्वास वाढलाय बघा." मुक्ता गेली. श्वास मिनिटाला 28, सॅच्युरेशन 92, पल्स 116. ऑक्सिजन लावला. फोन काढला, रजिस्ट्रारचं, म्हणजे तिच्या वरच्या सिनिअर डॉक्टरचं नाव उघडलं, आणि फोन परत ॲप्रनच्या खिशात टाकला. कारण बारा वाजता तिने दुसऱ्या पेशंटसाठी त्यालाच फोन केला होता आणि तो म्हणाला होता, "एमबीबीएस केलंयस ना? का तेही मीच करू?" पाचला सोळा नंबरच्या खोकल्यात रक्त आलं. मग केला फोन. रजिस्ट्रार धावत आला, हे सांगायलाच हवं, आयसीयूत त्यानेच नेलं, श्वासाची ट्यूब त्यानेच टाकली. पेशंट वाचला, पुढे चालत घरी गेला.

पण सकाळी राऊंडच्या आधी रजिस्ट्रारने तिला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "तीनची एक नोट टाक. पेशंट पाहिला, स्टेबल. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय." ती हो म्हणाली. लिहिलं मात्र नाही, फाईल आयसीयूत गेलीये या सबबीवर दिवस काढला. माझ्याकडे बसलेली असताना मोबाईल वाजला, मेसेज होता, "नोट झाली का?"

आता इथे मला मोह होता की सरळ सांगावं, अजिबात लिहू नकोस. पण तसं सांगून उपयोग होत नाही, कारण समोरच्याला ते आधीच माहीत असतं. हे तिलाही दिसावं म्हणून मी एक गंमत केली. यूकेत काही विषयांच्या स्पेशालिटी ट्रेनिंगसाठी जाणाऱ्या डॉक्टरांना एमएसआरए नावाची परीक्षा असते, तिचा एक पेपर फक्त असल्या पेचांवर असतो, वॉर्डातला एक प्रसंग देतात आणि पर्याय चांगल्यापासून वाईटापर्यंत लावायला सांगतात, नाहीतर आठातले तीन निवडायला. तर मुक्ताचाच प्रसंग मी त्या पद्धतीने कागदावर लिहिला, 'एक ज्युनिअर डॉक्टर' असं म्हणून, आणि पाच पर्याय दिले. सांगितल्याप्रमाणे तीनची नोट टाकणे. काहीच न लिहिता गप्प बसणे. खरं जे पाहिलं ते आत्ताची तारीख-वेळ घालून लिहिणे आणि तसं रजिस्ट्रारला सांगणे. युनिटच्या लेक्चररशी बोलणे. थेट डीनना पत्र लिहिणे.

तिने पटापट नंबर टाकले. खरी नोट आणि रजिस्ट्रारशी बोलणं पहिलं, लेक्चरर दुसरं, मग डीन, मग गप्प बसणं, आणि खोटी नोट शेवटी. मी म्हटलं, मग अडलंय कुठे? तर हसली, आणि हसता हसता रडायला लागली. "मॅम, तुमच्या कागदात सर नाहीयेत ना."

हे मला या सगळ्या पोरांच्या बाबतीत दिसतं. बरोबर काय ते यांना शिकवावं लागत नाही. आपल्याकडेही 2019 पासून एमबीबीएसला एटकॉम नावाचा अभ्यासक्रम आहे, वागणूक, नीती, संवाद सगळं त्यात येतं, पण ते दुपारी जेवून लेक्चर हॉलमध्ये बसून ऐकायचं आणि रात्री अडीचला उपाशीपोटी करायचं यात फरक पडतोच. रात्री लागतात ते नेमके शब्द, आणि आधी कुणाला गाठायचं त्याचा क्रम.

म्हणून आम्ही फोनपासून सुरुवात केली. मी रजिस्ट्रार झाले आणि तिला म्हटलं, लाव फोन. ती सुरू झाली, "सर सॉरी सर, झोपला होतात का, सर ते सोळा नंबरला ना थोडं बरं नाही वाटत आहे..." मी कपाळाला आठ्या घालून, "मग मी काय करू?" संपलं. तिच्या तोंडून पुढचा शब्द फुटेना. खरं सांगू का, माझं काम असूनही त्या क्षणी मला रजिस्ट्रारची थोडी दया आली, कारण झोपेतून उठलेल्या माणसाला त्या वाक्यातून काहीच कळत नाही.

एसबीएआर, म्हणजे पेशंटबद्दल क्रमाने सांगायची पद्धत, सगळ्या डॉक्टरांनी ऐकलेली असते, काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधून ही पद्धत हॉस्पिटलात आली. मुक्तालाही पाठ होतं, पण वापरलं कधीच नव्हतं. चारपाचदा केल्यावर तिचा फोन असा झाला, "सर, सोळा नंबर, लेप्टो सस्पेक्ट. श्वास 28, दहा वाजता 20 होता. साध्या हवेवर सॅच्युरेशन 92, पल्स 116. फुप्फुसात ब्लीड होतंय अशी शंका येते. ऑक्सिजन लावलाय, एक्स-रे सांगितलाय. तुम्ही येऊन बघा, तोवर मी आयसीयू बेडचं विचारते." सॉरी कुठेच नाही.

दुसरं म्हणजे फोन कधी करायचा हे रात्री ठरवायला बसायचंच नाही, दिवसाच ठरवून ठेवायचं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे गणित तिचं आहे. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये सुधारून काढलेला न्यूज टू म्हणून, पेशंट किती बिघडतोय ते मोजणारा एक स्कोअर आहे, तिच्या वॉर्डात तो वापरत नाहीत पण तिला येत होता. माझ्या टेबलावरच बेरीज केली. श्वास 25 किंवा वर, तीन. सॅच्युरेशन 92, दोन. पल्स 116, दोन. "सात." पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलंच नाही. सात म्हणजे त्या स्कोअरमध्ये तातडीची रेषा. ती म्हणाली, "म्हणजे मला उगाच नव्हतं वाटत." मी म्हटलं, नव्हतंच. आकडा हातात असला की 'मला असं वाटतंय' म्हणायची लाज राहत नाही.

नोटचं प्रकरण त्याहून अवघड होतं. तिची भीती दोन बाजूंनी होती, खरं लिहिलं तर माझ्यावर केस होईल, नाही लिहिलं तर सर तीन वर्षं जगू देणार नाहीत. केसबद्दल मला माहीत होतं तेवढं सांगितलं. जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की निर्णयातली चूक म्हणजे लगेच निष्काळजीपणा नव्हे, आणि फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार मोठा असावा लागतो. याचा अर्थ काहीच होत नाही असा नाही, सिव्हिल दावे होतात, चौकशा होतात. पण अडीचला पाहिलं, ऑक्सिजन दिला, फोन करायला उशीर झाला, हे कुणाला तरी समजावून सांगता येतं. मागची वेळ घालून लिहिलेलं 'स्टेबल' कसं समजावणार? आणि 2002 च्या डॉक्टरांच्या आचारसंहितेप्रमाणे ॲडमिट पेशंटची कागदपत्रं तीन वर्षं ठेवावी लागतात, पेशंटने किंवा नातेवाइकांनी मागितली की 72 तासांत द्यावी लागतात. म्हणजे कोण बघतंय पेपर, असं म्हणायची सोय नाही.

हे बोलत असतानाच तिला आठवलं, "मॅम, सिस्टरने पण लिहिलंय." सिस्टरच्या चार्टवर अडीचची नोंद होती, श्वास, सॅच्युरेशन, आणि पुढे 'डॉक्टरांना कळवले'. सिस्टर लिहितातच, त्यांची वर्षानुवर्षांची सवय असते. एकाच फाईलमध्ये सिस्टरचा 28 आणि डॉक्टरचा स्टेबल. ती नोट टाकली असती तर दुसऱ्या कुणाला तोंड द्यायच्या आधी तिला त्या सिस्टरच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

रजिस्ट्रारशी व्हॉट्सॲपवर नाही, समोर बोल, इंटर्नसमोर नको, एवढं मी आग्रहाने सांगितलं. आणि त्याला टाळून आधी वर जाऊ नकोस हेही. तो राक्षस नव्हता. त्या रात्री तोही आदल्या सकाळपासून उभा होता. 1992 च्या केंद्राच्या रेसिडेन्सी स्कीममध्ये सलग बारा तासांहून जास्त काम नको असं आहे, ते कुठल्या वॉर्डात दिसतं ते सांगा मला. आम्ही वाक्यं लिहिली, खोडली, शेवटी उरलं ते इतकंच, "सर, मागच्या वेळेची नोट मी टाकत नाही. अडीचला जे पाहिलं ते उशिरा केलेली नोंद म्हणून आत्ताच्या वेळेने लिहिते. लेक्चरर मॅडमना पण सांगणार आहे, तुम्हाला आधी सांगितलं."

तो म्हणाला, "कर काय करायचं ते," आणि निघून गेला. लेक्चरर मॅडमनी नोंद वाचली, दोनचार प्रश्न विचारले, "पुढच्या वेळी तो उचलत नसेल तर मला कर," म्हणाल्या. कमिटीबिमिटी काही बसली नाही. रजिस्ट्रार मात्र कितीतरी दिवस तिच्याशी तुटक वागला, हे लपवण्यात अर्थ नाही. ते तुटक वागण्यावर थांबलं. मुद्दाम सलग ड्युट्या लावणं, चारचौघांत अपमान, जेवूखाऊ न देणं असं चालू झालं तर ते रॅगिंगमध्ये येतं, एनएमसीचे (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे) 2021 चे नियम पीजींनाही लागू आहेत, तारखांसकट लिहून ठेवा आणि कॉलेजच्या अँटी-रॅगिंग कमिटीकडे लेखी द्या, मार्ड या रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेतल्या पोरांनाही सोबत घ्या. आणि डोक्यात जिवाचं काही यायला लागलं तर माझ्यासारख्याची अपॉइंटमेंट मिळायची वाट बघू नका, टेली-मानस 14416, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो वेगळ्याच गोष्टीवर. "अडीचला फोन केला असता तर त्याला ट्यूब लागली नसती का?" हे ती दर वेळी विचारायची. घरच्यांनी, मैत्रिणींनी सगळ्यांनी सांगून झालं होतं की काही फरक पडला नसता. मी तसं म्हटलं नाही. कुणालाच ते सांगता येणार नाही, आणि खोटा दिलासा डॉक्टर माणसाला लगेच कळतो. पडलाही असता फरक, असं मी म्हटलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प बसली आणि मग त्या माणसाबद्दल बोलायला लागली, त्याची बायको बाहेर जिन्यावर झोपायची त्याबद्दल, आयसीयूत ती त्याला रोज बघून यायची त्याबद्दल. राजीनाम्याचं पुन्हा निघालं नाही.

रजिस्ट्रार अजून चिडतो. परवा सांगत होती, पावणेदोनला फोन केला तर म्हणाला, "परत तूच?" मग एबीजी, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनबिक्सिजनची तपासणी, काढायला सांगितली आणि थोड्या वेळात वर आला. मी विचारलं, सॉरी म्हणालीस का? तर म्हणे, "एकदा म्हणाले मॅम, सवयीने."