बातमीनंतर बहिणीला फोनवर घाणेरड्या धमक्या येतायत, काय करावं?

तुमची बहीण जिल्ह्याच्या पेपरात बातमीदार आहे. वाळूच्या बातमीनंतर तिला बलात्काराच्या धमक्या येतायत आणि आई म्हणते नोकरी सोड, असं तुम्ही लिहिलंय. मी बरीच वर्षं पेपरच्या संपादकीय डेस्कवर काढली आहेत, म्हणून लिहितो.

आज रात्रीच एक करा. फोन तिच्याकडेच राहू द्या, पण ते मेसेज वाचायचं काम तुम्ही घ्या. आमच्या एका वार्ताहर मुलीवर ही वेळ आली तेव्हा तिचा इनबॉक्स मी वाचायचो. तिला फक्त दोन गोष्टी सांगायचो: घराचा पत्ता कुणी लिहिलाय का आणि कुणी ओळखीचं दिसतंय का. तिसऱ्या दिवशी ती धड जेवली.

ब्लॉक करण्याआधी प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात खात्याचं नाव आणि तारीख-वेळ दिसली पाहिजे. लिंक वेगळी लिहून ठेवा. मूळ मेसेज पुसू नका.

पोलिसात भारतीय न्याय संहितेची कलमं सांगा: ऑनलाइन पाठलागाला 78, धमकीला 351. हद्दीचं कारण दिलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी त्याच ठाण्यात नोंदवून पुढे पाठवला जातो. ‘सोशल मीडियावर हे चालायचंच’ हे उत्तर मात्र ऐकून घेऊ नका. जुलै 2021 मध्ये ‘सुल्ली डील्स’ नावाच्या अॅपवर मुस्लिम महिलांचे फोटो खोट्या लिलावाला लावले होते, त्यांत पत्रकारही होत्या. दिल्लीत गुन्हा नोंदला, अटक मात्र सहा महिने नाही. जानेवारी 2022 मध्ये तसंच ‘बुली बाई’ आलं आणि मुंबई सायबर पोलिसांनी चार दिवसांत पहिली अटक केली. मनावर घेतलं तर माणूस सापडतो.

आणि हे ‘नुसते मेसेज’ नसतात. युनेस्कोच्या 2020 च्या पाहणीत 73 टक्के महिला पत्रकारांनी ऑनलाइन छळ सोसल्याचं सांगितलं. त्याच्याशी जोडलेला प्रत्यक्षातला हल्ला किंवा त्रास झाल्याचं 20 टक्के जणींनी सांगितलं. म्हणून थोडे दिवस तिला रात्री एकटीने येऊ-जाऊ देऊ नका.

महाराष्ट्रात 2017 चा पत्रकार संरक्षण कायदा आहे, पण तो मारहाण आणि तोडफोड डोळ्यांपुढे ठेवून केलेला. नुसता त्यावर विसंबू नका.

आईंना म्हणावं, नोकरीचं ती ठरवेल, या आठवड्यात नको. आणि तक्रार पेपरच्या लेटरहेडवर, संपादकांच्या सहीने जाऊ द्या. बातमी त्यांनीच छापली आहे. ते कचरले तर तालुक्याच्या पत्रकार संघातल्या दोघांना घेऊन ठाण्यात जा, तिला एकटीला पाठवू नका.