घर एक, मंगळवार दोन

“मॅडम, एकदाच काय ते सांगून टाका. स्वस्तात लांब राहायचं, की महागात जवळ?”

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा वेष बदलून येतो. झोप लागत नाही, घरी आलं की चिडचिड होते, नवरा-बायकोत बोलणं उरलेलं नाही, अशी सुरुवात होते आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत खाली घराचा वाद सापडतो. हे जोडपं मात्र थेट घरच घेऊन आलं. (ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत.) दोघंही पस्तिशीच्या आसपासचे, दोघंही नोकरी करणारे, मूल पाच वर्षांचं. तिच्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर दोन खोल्यांचं भाड्याचं घर. आता करार संपत आला होता. दुसरीकडे तीन प्रशस्त खोल्या, भाडं बरंच कमी, पण प्रवास एका बाजूने एक तास वीस मिनिटं. आठ महिने यावरून धुसफूस चालली होती.

त्याने लॅपटॉप उघडून माझ्याकडे वळवला. एक्सेलचा तक्ता. तेवीस निकष, प्रत्येकाला वजन, आतापर्यंत बघितलेल्या प्रत्येक घराला गुण. लांबचं घर ७१, जवळचं ६४.

“मग अडलं कुठे?” मी विचारलं.

“पहिल्यांदा जवळचं घर जिंकलं होतं,” ती म्हणाली. “मग याने वजनं बदलली.”

“मग तू बदललीस,” तो म्हणाला.

“आणि मग परत तू.”

इथे एक कबुली देते. मी स्वतः नऊ वर्षं लांबून ये-जा केली आहे. त्यामुळे ‘एक तास वीस मिनिटं’ ऐकताच माझ्या मनात निकाल लागून गेला होता. जवळच राहा, हे शब्द जिभेवर आले होते. ते गिळले. सल्ला विचारणाऱ्यासमोर आपलाच जुना थकवा बोलायला लागला की समुपदेशन संपतं आणि गप्पा सुरू होतात.

मी तक्ता मिटायला लावला आणि दोघांना एकेक कोरा कागद दिला. कालचा दिवस, मंगळवार, उठल्यापासून झोपेपर्यंत लिहायचा. कुठे होतो, कोणाबरोबर होतो, कसं वाटत होतं. एकमेकांचं बघायचं नाही. ही युक्ती माझी नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टेक्ससमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून असाच आदल्या दिवसाचा हिशोब लिहून घेतला होता. कोणत्या वेळी मन प्रसन्न असतं याची जी यादी त्यातून निघाली, तिच्यात कामावर जाण्या-येण्याचा प्रवास पार तळाशी होता. पण मला त्यांच्या यादीपेक्षा पद्धत जास्त उपयोगी वाटते. “तुम्हाला कसं आयुष्य हवंय?” असं विचारलं की माणसं स्वप्नं सांगतात. “काल सव्वासहाला कुठे होतात?” विचारलं की खरं सांगतात.

मग दुसरा कागद दिला: हाच मंगळवार, लांबच्या घरात.

तिचा पहिला कागद असा होता. आठ चाळीसला निघते, साडेसहाला घरी, मूल साडेआठला झोपतं. दुसऱ्यावर निघायची वेळ सात चाळीस आणि परतायची साडेसात झाली. मुलाबरोबरचे दोन तास होते, त्यातला एक उरला. त्या एका तासात जेवणखाणही आलं.

त्याचा कागद वेगळाच निघाला. तो आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो. पलंगाच्या कडेला बसून, मांडीवर लॅपटॉप. दुपारी मूल घरी आलं की कॉल न्हाणीघरात घेतो. “काल तिथे बादलीवर बसून चाळीस मिनिटं बोललो,” त्याने लिहिलं होतं. ती वाचून हसली, मग एकदम थांबली. तिला हे माहीत नव्हतं. लांबच्या घरात त्याच्या मंगळवारी एक बंद होणारं दार आलं होतं.

आता मी तक्ता पुन्हा उघडायला सांगितला. अकरावी ओळ: ‘प्रवासाचा वेळ (कुटुंबाची सरासरी)’.

सरासरी. ती पाच दिवस जाणार, तो दोन दिवस. रोजचे दोन तास वाढले तर तिच्या आठवड्यात दहा तास जातात, त्याच्या चार. सरासरीने ते सात झाले आणि सात तास कोणाच्याच अंगावर पडणार नव्हते. तिचे दहा तास वर्षाच्या ४८ कामाच्या आठवड्यांनी गुणले की ४८० होतात, म्हणजे आठ तासांचे साठ दिवस. खोली त्याला मिळणार होती आणि किंमत तिने मोजायची होती. यात त्याचा डाव नव्हता. घरासाठी एकच तक्ता करायचा, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. पण घर सामाईक असलं तरी त्यातला मंगळवार दोघांना वेगवेगळा काढावा लागतो.

त्याने ती ओळ बराच वेळ पाहिली. “ही मी दोन ओळींत का नाही केली?” असं तो स्वतःशीच म्हणाला.

इथे गोष्ट संपली असती तर माझा मनातला निकाल बरोबर ठरला असता. पुढच्या भेटीत तो एकटा आला आणि वेगळंच बोलला.

आदल्या वर्षी घरातल्या एका आजारपणात त्यांची शिल्लक जवळजवळ संपली होती. दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो रात्री तीनला जागा होतो, हे त्याने बायकोला सांगितलंच नव्हतं. “ती म्हणते मी पैशाला चिकट आहे. मी घाबरलोय, मॅडम.” मग लगेच कायद्याची ढाल पुढे केली: “आणि तसंही भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत हवं, असा नियमच आहे. आमचं ४२ आहे.”

या ३० टक्क्यांबद्दल थोडं सांगते, कारण अनेक जण तो आकडा निसर्गनियमासारखा वापरतात. अमेरिकेत सरकारी घरांतल्या भाडेकरूंकडून किती भाडं घ्यावं यासाठी १९६९ साली उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि १९८१ साली ती ३० वर नेली. म्हणजे तो एका योजनेतला आकडा आहे. मोठ्या पगारातून ४२ टक्के गेले तरी कोणाचं छान चालतं. तुटपुंज्या पगारात २० टक्केही गळ्याशी येतात. भाडं किती जातं याच्याइतकंच, भाडं गेल्यावर काय उरतं आणि वाईट दिवसांत ते किती पुरतं, हे बघावं लागतं.

तेच पुढच्या वेळी आम्ही तिघांनी बसून पाहिलं. उत्पन्न शंभर धरलं. जवळच्या घरात भाडं ४२, बाकी खर्च ४५, उरतात १३. लांबच्या घरात भाडं २५. त्याने बाकी खर्च तोच धरून ३० उरतील असं मांडलं होतं, पण प्रवास आणि त्याच्या आगेमागे होणारा खर्च ५ निघाला. उरले २५. मग मी विचारलं, “एक पगार थांबला तर?” दोघांचे पगार साधारण सारखे, म्हणजे हातात ५०. गंगाजळी ७५ होती. जवळच्या घरात दर महिन्याला ३७ कमी पडतील, शिल्लक दोन महिने पुरेल. लांबच्या घरात २५ कमी पडतील, तीन महिने.

“फक्त तीन?” तो म्हणाला. त्याला वाटत होतं, घर बदललं की भीती जाईल.

पण हेच गणित एक वर्ष पुढे नेलं तेव्हा ती गप्प झाली. दोन्ही पगार चालू राहिले तर वर्षाने जवळच्या घरात सहा महिन्यांची सोय होते, लांबच्या घरात पंधरा महिन्यांची. इतके दिवस तिने ‘परवडतं’ हा शब्द ‘महिना निघतो’ या अर्थाने वापरला होता आणि त्याने ‘संकट निघतं’ या अर्थाने.

दोघांची बाजू खरी निघाली की समुपदेशकाची पंचाईत होते. अशा वेळी मी सहसा बोलणं थांबवून कामाला लावते. ती पाच दिवस लांबच्या घराच्या वेळापत्रकाने जगली. त्या भागात कामाच्या दिवशीच जायचं, गर्दीच्याच वेळी, सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही. माणसं घर बघायला जातात ती सुट्टीच्या दिवशी, उजेडात, रिकाम्या रस्त्याने. मग खिडकी दिसते, फरशी दिसते, मोकळी हवा लागते. डेव्हिड श्काडे आणि काहनमन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की छान हवामानाच्या कॅलिफोर्नियात राहणारे जास्त सुखी असतील का. तिथल्यांना आणि कडाक्याच्या थंडीच्या मध्यपश्चिम अमेरिकेतल्यांना, दोघांनाही वाटलं, हो. प्रत्यक्षात स्वतःच्या आयुष्याबद्दलचं समाधान दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं. हवामानाकडे बोट दाखवलं की माणूस हवामानाचाच विचार करतो. तिसऱ्या खोलीचंही तसंच होतं.

पाच दिवसांनी ती आली ती अनपेक्षित बातमी घेऊन. सकाळचा प्रवास तिला चालत होता. बसायला जागा मिळायची, ती वाचायची, झोपायची. संध्याकाळचा मात्र नाही. “दार उघडते तेव्हा मी रिकामी असते. मुलगा काहीतरी दाखवत असतो आणि मी नुसती मान हलवते.” याचा अर्थ अडचण सगळ्या प्रवासाची नव्हती. संध्याकाळचा शेवटचा तुकडा लहान झाला तर बरंच काही सुटणार होतं.

तेव्हा तक्त्यातलं आठवं घर पुन्हा वर आलं. ते ५३ गुणांवर मागे पडलं होतं: इमारत जुनी, खिडकीतून समोरची भिंत. प्रवास चाळीस मिनिटं. खोल्या दोनच, पण एक अरुंद, दार असलेली साठवणीची जागा, जिच्यात टेबल मावतं. भाडं ३२, बाकी खर्च ४७, शिल्लक २१. वर्षाने अकरा महिन्यांची सोय. कोणत्याच निकषावर ते पहिलं नव्हतं, त्यामुळे त्याच्यासाठी भांडायला कोणी नव्हतं. त्यांनी ते फक्त एक वर्षासाठी भाड्याने घेतलं. एवढी एकच गोष्ट मी आग्रहाने सांगितली होती.

आठ महिन्यांनी तिचा फोन आला. तो रात्री तीनला उठत नाही. साठवणीच्या जागेत त्याचं बरं चाललंय, उन्हाळ्यात मात्र तिथे उकडतं. ती सात वाजता घरी असते.

“पण वरच्या मजल्यावरचे रोज रात्री अकराला फर्निचर सरकवतात, मॅडम. रोज! हा म्हणतो सवय होईल.”

आवाजाची सवय होते, हा फार लोकप्रिय समज आहे. नील वाइनस्टाइन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्या महामार्गालगतच्या रहिवाशांना रस्ता सुरू झाल्यावर चार महिन्यांनी विचारलं होतं आणि परत सोळा महिन्यांनी. त्रास कमी झालेला नव्हता. मी तिला हे सांगितलं आणि सांगताना जरा ओशाळलेच. पाच दिवस मी तिला संध्याकाळी साडेसातला त्या लांबच्या भागात उभं केलं होतं. रात्री अकराला या नव्या घरात उभं राहा, हे मला सुचलंच नव्हतं.

“तक्त्यात होती का ती ओळ?” मी विचारलं.

“होती,” ती म्हणाली. “‘शांतता’. दहापैकी आठ दिले होते. आम्ही दुपारी गेलो होतो ना.”