मे महिन्यात मशीन लावताय?

भाऊ, नागपूरच्या मे महिन्यात कोंबडीची पिल्लं काढायची तर आधी खोली बघा. पंख्याचं इनक्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं मशीन, ३७.५ अंश धरतं, पण त्याला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. बाहेर ४४-४५ झालं, खोली तापली, की हीटर बंद असूनही आतला पारा चढतो आणि गर्भ मरतो. त्यावर उपाय म्हणून मशीन कूलरच्या झोतात ठेवू नका. माझं विचाराल तर पहिली खेप पावसाळा ओसरल्यावरच लावा.

अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली, निमुळतं टोक खाली. दिवसातून तीनदा तरी फिरवा. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलचा टॉर्च रुंद टोकाला लावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरलाय. नुसतं नितळ पिवळं दिसलं तर अंडं काढा.

अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद, आर्द्रता ६५-७० टक्के. कवच टोचल्यावर पिल्लाला बाहेर यायला अख्खा दिवसही लागतो. तेवढ्यात झाकण उघडून सोलायला जाऊ नका. ओलावा उडतो आणि आतला पापुद्रा पिल्लाला चिकटतो. पोटात बलक असतो, त्यावर ते दोन दिवस दाण्यापाण्यावाचून तगतं. घरात पोरं असतील तर झाकणाला सरळ टेप मारा.