टीममध्ये चांगली संस्कृती रुजवायची तर कोचने किंवा लीडरने नेमकं काय करावं?

भिंतीवर मूल्यांची पोस्टरं लावून काही होत नाही. इथे काय खपतं आणि काय नाही, हे लोक बघून शिकतात, आणि बघतात ते टीममधल्या सगळ्यात भारी माणसाकडे. तो सरावाला उशिरा आला आणि कोच गप्प बसला, की वेळेचा नियम तिथेच संपला. त्याच चुकीसाठी नवख्याला झापलं तर मग विचारायलाच नको.

न्यूझीलंडच्या रग्बी संघात, म्हणजे ऑल ब्लॅक्समध्ये, सामन्यानंतर ड्रेसिंग रूम झाडायला ज्येष्ठ खेळाडूही हात लावतात. २०११ आणि २०१५चे विश्वचषक झाडूमुळे मिळाले असं अर्थातच नाही, पण इथे कोणी टीमपेक्षा मोठा नाही हे नव्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: चूक कबूल करायची भीती नसणं. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी सापडतील अशी अपेक्षा होती, पण नोंदी उलट जास्त निघाल्या. तिथली माणसं चुका लपवत नव्हती, उघड बोलत होती, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

त्यामुळे हरल्यानंतरच्या बैठकीत कोचने सगळ्यात शेवटी बोलावं. आधी ज्युनिअर, मग सिनिअर. आणि कोणी अडचणीचं बोललं तर लगेच खुलासे देत बसू नये. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं.