‘एकदा गोळी लागली की सुटत नाही’

“मला गोळी नको आहे, एवढीच माझी अट आहे. बाकी तुम्ही सांगाल ते सगळे करायची माझी तयारी आहे, मॅडम.” सत्तेचाळीस वर्षांचे ते गृहस्थ पहिल्या भेटीत खुर्चीवर बसता बसताच हे बोलले. त्यांच्या पत्नी शेजारी बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात घडी घातलेला एक कागद होता, ज्यावर सात नैसर्गिक उपाय क्रमाने लिहिलेले होते. औषध लिहून देणे हे माझे काम नाही, ते डॉक्टरांचे आहे. माझ्याकडे लोक येतात ते आहार, सवयी आणि मनातली धास्ती यांविषयी बोलण्यासाठी, आणि उच्च रक्तदाबाचे निदान झालेल्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो की घरगुती उपायांनी रक्तदाब उतरेल का आणि गोळी टळेल का. म्हणून हा अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून, थोडा विस्ताराने लिहीत आहे.

त्यांचा रक्तदाब कामाच्या ठिकाणच्या तपासणीत १५४/९८ आढळला होता. त्यानंतर डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या दिवशी मोजला तेव्हाही तो १५० च्या वरच राहिला. मूत्रपिंड, साखर, लघवी आणि हृदयाचा आलेख हे सर्व ठीक होते. रक्तातले पोटॅशियम मात्र थोडे कमी, ३.३ होते. रक्तदाब पहिल्या पायरीवर असून इतर अवयवांना इजा झालेली नसल्यामुळे डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली होती. तेवढ्या काळात राहणीमान बदलून पाहावे आणि आकडा उतरला नाही तर गोळी सुरू करावी, असे ठरले होते. ही मुदत प्रत्येकाला मिळत नाही, हे येथेच सांगायला हवे. ज्यांचा रक्तदाब १६०/१०० च्या पुढे आहे, किंवा ज्यांना मधुमेह, मूत्रपिंडाचा अथवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी वाट पाहत बसू नये. आणि १८०/१२० च्या आसपासच्या आकड्यासोबत छातीत दुखणे, दम लागणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे किंवा अंधारी येणे असे काही झाले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

मी त्यांना प्रथम उपायांविषयी नव्हे, तर गोळीविषयी विचारले. गोळी म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येते? ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वडिलांची डबी.” वडिलांना पक्षाघात झाल्यानंतर अकरा वर्षे दर रविवारी ते त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या सात खणांच्या डबीत भरून ठेवत असत. सुरुवातीला एका खणात दोन गोळ्या असत, शेवटी शेवटी नऊ. त्यांच्या मनात गोळी आणि अंथरूण यांची अशी गाठ बसली होती की पहिली गोळी घेणे म्हणजे त्याच वाटेवर पाऊल ठेवणे, असे त्यांना वाटे. वडिलांनी पक्षाघातापूर्वी रक्तदाबाची औषधे घेतली होती का, असे मी विचारले. त्यांच्या पत्नीने उत्तर दिले, “नाही हो. त्यांना काही त्रासच नव्हता, म्हणून कधी मोजलाच नव्हता.” डबी पक्षाघातानंतर आली होती, आधी नव्हे. मी यावर काहीही भाष्य केले नाही. ही जाणीव माणसाची त्याला स्वतःला व्हावी लागते, आणि ती त्या खोलीत झालेली मला दिसत होती.

मग आम्ही मोजण्याकडे वळलो, कारण चुकीच्या आकड्यावर कोणताही उपाय पारखता येत नाही. घरी त्यांच्याकडे मनगटावर बांधायचे यंत्र होते आणि ते चहा पिता पिता, बोलता बोलता रक्तदाब मोजत असत. मी त्यांना दंडावर बांधायचे स्वयंचलित यंत्र वापरण्यास सांगितले आणि पद्धत करून दाखवली. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, हात छातीच्या उंचीवर टेकलेला असावा आणि मोजणी चालू असताना बोलू नये. सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून, असे सात दिवस मोजावे आणि पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. घरच्या मोजणीत ही सरासरी १३५/८५ च्या खाली असावी लागते. दवाखान्यातली १४०/९० ही मर्यादा घरच्या आकड्याला लावू नये. त्यांनी एक वही घातली. पहिल्या आठवड्याची सरासरी १५१/९५ आली.

दुसऱ्या भेटीत तो सात उपायांचा कागद आम्ही उलगडला. लसूण आणि बीट हे दोन्ही त्यात होते आणि दोन्हींविषयी मी त्यांना जे आहे तेच सांगितले. बीटातल्या नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते, त्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि आकडा थोडा उतरतो. लसणाच्या अर्कानेही काही प्रमाणात उतार दिसलेला आहे. मात्र हा उतार थोडक्या अंकांचा असतो, आणि रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर लसणाच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. जेवणात दोन्ही असावेत, पण १५१ चा १३० करण्याचे ओझे त्यांच्यावर टाकू नये.

माझी नजर पाचव्या उपायावर थांबली. घशाच्या तक्रारीसाठी आणि ‘रक्तशुद्धीसाठी’ ते आठ महिन्यांपासून दिवसातून दोनदा ज्येष्ठमधाचा काढा घेत होते. ज्येष्ठमधातला ग्लिसिऱ्हायझिन हा घटक मूत्रपिंडातल्या एका विकराचे (एन्झाइमचे) काम रोखतो. शरीरातल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा मिठाच्या समतोलावर परिणाम होऊ नये, म्हणून हा विकर तेथे पहारा देत असतो. पहारा उठला की मूत्रपिंड सोडियम आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम बाहेर टाकते आणि रक्तदाब चढतो. त्यांच्या अहवालातले कमी पोटॅशियम याच्याशी जुळत होते. मी डॉक्टरांना त्याच दिवशी चिठ्ठी लिहिली आणि त्यांच्या सल्ल्याने काढा बंद झाला. रक्तदाब उतरवण्यासाठी धडपडणारा माणूस रोज दोन वेळा, श्रद्धेने, रक्तदाब चढवणारी वस्तू घेत होता, हे पाहून मला फार वाईट वाटले. वनस्पती सौम्यच असते, या समजुतीपायी असे घडते. सर्पगंधेच्या मुळातून १९५२ साली वेगळे केलेले रिसर्पिन हे एके काळी रक्तदाबावरचे प्रमुख औषध होते आणि त्याने मन खिन्न होण्याच्या तक्रारीही नोंदल्या गेल्या. तेव्हा जी वनस्पती खरोखर काम करते, तिला मात्रा असते आणि दुष्परिणामही असतात. हीच दक्षता दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांबाबत आणि चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या औषधांबाबतही बाळगावी, कारण त्यांनीही रक्तदाब वाढू शकतो.

काढा थांबल्यानंतर चौथ्या आठवड्याची सरासरी १४५/९२ झाली. ते आनंदित झाले आणि मीही झाले, पण काम उरले होते.

त्यापुढचे दोन महिने मुख्यतः मिठाचे होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. “आम्ही वरून मीठ घेतच नाही,” असे दोघांचेही म्हणणे होते आणि ते खरे होते. परंतु पाव, चीज, तयार सूप, पाकिटातले खारे पदार्थ आणि बाटलीतले सॉस यांतून त्यांच्या पोटात किती सोडियम जात होते, हे आम्ही पाकिटांवरचे आकडे मांडून पाहिले तेव्हा ती मर्यादा दुपारच्या जेवणापर्यंतच ओलांडली जात होती. मीठ एकदम न तोडता हळूहळू कमी करावे. काही आठवड्यांत जीभ सरावते आणि पूर्वीचे जेवण खारट लागू लागते. भाज्या, फळे, अख्खी धान्ये, डाळी आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांवर आधारलेल्या आहाराचा अभ्यास १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात मीठ आणि वजन न बदलताही, उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा आठ आठवड्यांत नेहमीचा आहार घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ११ अंकांनी खाली आला होता. या आहारात पोटॅशियम भरपूर असते. म्हणूनच मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, किंवा पोटॅशियम वाढवू शकणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी, असा आहार आणि विशेषतः पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे.

चालणे त्यांना आवडले. आठवड्यातले पाच दिवस, रोज तीस मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. वजन ८४ किलोवरून ७९ वर आले. साधारणपणे उतरलेल्या प्रत्येक किलोमागे वरचा आकडा एका अंकाने उतरतो, असे मानले जाते. मद्य त्यांनी स्वतःहून सोडले. झोपेत मोठ्याने घोरणे आणि दिवसा पेंगणे असे काही होते का, हेही मी विचारले, कारण झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारामुळे रक्तदाब हटवादी होतो. त्यांना तो नव्हता.

तीन महिन्यांनी वही घेऊन ते आले. पोटॅशियम पूर्ववत झाले होते. सरासरी १३९/८८ होती. बारा अंक त्यांनी स्वतःच्या कष्टाने उतरवले होते आणि तरीही ते मर्यादेच्या वरच होते. “म्हणजे मी हरलो,” ते म्हणाले. हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी मला ते खोडून काढावेसे वाटते. मी त्यांना वहीचे पहिले पान उघडायला लावले. १५१ वरून सुरुवात केली असती तर कदाचित दोन औषधे लागली असती. आता डॉक्टर एका औषधाच्या लहान मात्रेचा विचार करत होते. रक्तदाब कशाने उतरला, हे रक्तवाहिन्यांना कळत नाही. उतरलेला राहिला एवढेच त्यांना पुरते. गोळी जन्मभर घ्यावी लागेल का, या त्यांच्या प्रश्नाला मी ‘नाही’ असे उत्तर दिले नाही. पुष्कळांना ती दीर्घकाळ लागते. वजन आणि सवयी टिकल्या तर काहींची मात्रा डॉक्टर कमी करतात, क्वचित बंदही करतात. पण ती स्वतःच्या मनाने थांबवू नये, कारण काही औषधे अचानक सोडल्यास रक्तदाब उसळी घेतो. गोळी लागणे हे गोळीचे व्यसन नसते, ज्या कारणाने रक्तदाब चढतो ते कारण शिल्लक असते एवढाच त्याचा अर्थ, हेही मी त्यांना समजावले.

त्यांनी गोळी सुरू केली. सहा आठवड्यांनंतरची सरासरी १२४/७९ होती. चालणे सुटले नव्हते, आणि डबीऐवजी ते गोळीचे पाकीट दात घासण्याच्या ब्रशशेजारी ठेवत होते.

त्याच भेटीत, निघायच्या वेळी, मी त्यांच्या पत्नीला सहज विचारले की त्यांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता. त्या हसल्या. “मला काही त्रास नाही,” म्हणाल्या, आणि वाक्य पुरे होताच त्यांचे हसू मावळले. गृहस्थांनी पिशवीतून यंत्र काढले, त्यांना पाठ टेकून बसायला सांगितले, बाही वर सरकवून दंडाला पट्टा बांधला आणि हात टेबलावर नीट ठेवला. मग पाच मिनिटे आम्ही तिघेही काही बोललो नाही.