सागाच्या फळीला रंधा मारताना टवके निघतात, काय करावं?

बहुतेक वेळा रंधा लाकडाच्या रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, उलट दिशेने चाललेला असतो. फळीची कड बघा: रेषा ज्या दिशेला वर चढत जातात, त्याच दिशेने ढकला. गाठीपाशी रेषा फिरतात, तिथे दोन्ही बाजूंनी येऊन थांबायचं.

आणि पातं आधी पाजळा! सागात सिलिका असते, धार लवकर जाते. लोखंडी रंधा असेल तर पात्यावरची पत्ती धारेपासून अर्ध्या मिलिमीटरवर आणा, काप इतका पातळ घ्या की ढलपी कांद्याच्या सालीसारखी निघेल. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

आपल्या कोल्हापूरच्या पावसात टिंबर मार्केटमधून आणलेली फळी मात्र लगेच रंधू नका. खाली पट्ट्या देऊन काही आठवडे घरात ठेवा. ओलसर लाकडाचे तंतू नीट कापले न जाता पिंजतात.